डाइक्स्ट्रा कोण होते? सोलापूरच्या वर्गात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सोलापुरात डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगच्या मुलांना अल्गोरिदम शिकवते, म्हणजे प्रश्न पायरी-पायरीने सोडवायच्या पद्धती. दर वर्षी नवी बॅच येते आणि ग्राफच्या (ठिकाणं आणि त्यांना जोडणारे रस्ते यांच्या आराखड्याच्या) धड्यापाशी पोचलो की डाइक्स्ट्रांबद्दल तेच प्रश्न निघतात. सर्वांत जवळचा रस्ता शोधायचा प्रसिद्ध अल्गोरिदम काढणारे हे डच कॉम्प्युटर शास्त्रज्ञ. काही मुलांचे, काही पालकांचे, एक-दोन शेजारच्या अक्कांचे. तेच ते सांगून घसा बसतो, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. ज्याला जेवढं हवं तेवढं वाचावं.

नाव नेमकं कसं उच्चारायचं?

'डिज्कस्ट्रा' नव्हे, एवढं आधी. डच भाषेत 'आय' आणि 'जे' ही अक्षरं जोडून आली की दोन्हींचा मिळून एकच स्वर होतो, 'आइ' आणि 'एइ' यांच्या मधला. मराठीत 'डाइक्स्ट्रा' म्हटलं की भागतं. पहिलं नाव एड्सखर, त्यातला 'ख' जरा घशातून काढायचा. इथे एका वाक्यात मराठी, कन्नड आणि तेलुगू बोलणारी मुलं वर्गात बसतात, त्यांना एक डच नाव जड जाऊ नये. आणखी एक गंमत: त्यांच्या आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये आय, जे, के ही अक्षरं ओळीने येतात. प्रोग्रॅममध्ये लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या ओळी, लिहिताना आपण जी तीन नावं वापरतो, तीच. परीक्षेत स्पेलिंग चुकू नये म्हणून मी हीच खूण सांगते.

ते कुठले? घर कसलं होतं?

नेदरलँड्सचे. ११ मे १९३० रोजी रॉटरडॅममध्ये जन्म. वडील रसायनशास्त्रज्ञ आणि शाळेत शिक्षक. आई गणितज्ञ, पण तिने गणितावर कधी नोकरी केली नाही. आपल्याकडच्या पुष्कळ आयांसारखंच. गणितात नेटकेपणाची आवड आईकडून आली, असं ते म्हणायचे. शाळेत असताना वकील व्हावं, संयुक्त राष्ट्रसंघात देशातर्फे काम करावं असं मनात होतं. मार्क चांगले पडले आणि लायडन विद्यापीठात भौतिकशास्त्राला गेले. मार्क बघून पोराची लाइन ठरते, हे फक्त आपल्याच घरात होतं असं नाही.

मग भौतिकशास्त्र सोडून प्रोग्रॅमिंगकडे कसे वळले?

१९५१ साली केंब्रिजमध्ये ब्रिटिश कॉम्प्युटर शास्त्रज्ञ मॉरिस विल्क्स यांचा तीन आठवड्यांचा प्रोग्रॅमिंगचा कोर्स केला. त्या ओळखीतून अ‍ॅमस्टरडॅमच्या मॅथेमॅटिकल सेंटरमध्ये आद्रियान व्हान वाइनखार्डन यांनी त्यांना बोलावलं आणि मार्च १९५२ मध्ये ते तिथे रुजू झाले. नेदरलँड्समधले पहिले प्रोग्रॅमर. काही काळ त्यांनी दोन्ही दगडांवर पाय ठेवला: आठवड्यातले काही दिवस लायडनला भौतिकशास्त्र, बाकीचे दिवस अ‍ॅमस्टरडॅमला प्रोग्रॅमिंग.

ओढ प्रोग्रॅमिंगची होती, पण लाज वाटायची. भौतिकशास्त्रज्ञाकडे सांगायला एक शास्त्र असतं, प्रोग्रॅमरकडे काय? शेवटी एके दिवशी त्यांनी व्हान वाइनखार्डनना सरळ विचारलं. ते म्हणाले की या विषयाला अजून शास्त्र म्हणता येत नाही हे खरं, पण कॉम्प्युटर आता जाणार नाहीत, आणि पुढे या विषयाला मान मिळवून देणाऱ्यांत तूच एक का असू नयेस? डाइक्स्ट्रांनी लिहिलंय की त्या खोलीतून ते बाहेर पडले तेव्हा वेगळाच माणूस झाले होते.

१९५७ मध्ये लग्न झालं. नोंदणीत व्यवसाय लिहावा लागतो, यांनी लिहिलं 'प्रोग्रॅमर'. असा काही धंदा नसतो म्हणून अ‍ॅमस्टरडॅमच्या नगरपालिकेने ते मान्य केलं नाही. शेवटी लग्नाच्या कागदावर 'सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ' असं लागलं. हे मी पालकांच्या बैठकीत हमखास सांगते.

तो प्रसिद्ध अल्गोरिदम कॉफी पिता पिता सुचला, हे खरं की दंतकथा?

खरं आहे, त्यांनी स्वतःच सांगितलंय. साल १९५६. आर्मॅक नावाच्या नव्या कॉम्प्युटरचं उद्घाटन व्हायचं होतं आणि पाहुण्यांना दाखवायला काहीतरी हवं होतं. कॉम्प्युटर म्हणजे काय हे ठाऊक नसलेल्या माणसालाही प्रश्न कळावा आणि उत्तरही कळावं, अशी अट. त्यांनी प्रश्न निवडला: एका गावाहून दुसऱ्या गावाला जायचा सर्वांत जवळचा रस्ता कोणता?

एके सकाळी होणाऱ्या बायकोबरोबर अ‍ॅमस्टरडॅममध्ये खरेदी झाली, दोघं दमली, एका कॅफेच्या ओट्यावर कॉफी घेत बसली. तिथे वीसेक मिनिटांत हे जुळलं. कागद नाही, पेन्सिल नाही. हा अल्गोरिदम इतका देखणा निघाला त्याचं एक कारण तेच, असं त्यांचं म्हणणं: हाताशी कागद नसला की नको तो गुंता डोक्यात मावतच नाही, म्हणून तो आपोआप गळतो.

आर्मॅकसाठी त्यांनी नेदरलँड्सच्या नकाशातली ६४ गावं घेतली. ६४ का? सहा बिटांत, म्हणजे शून्य किंवा एकच्या सहा घरांत, तेवढीच बसतात. छापून यायला मात्र १९५९ उजाडलं. सगळा लेख तीन पानांचा.

सोप्या उदाहरणाने समजावाल का?

इथे थोडं बसून वाचा, हीच या पानाची मुख्य गोष्ट आहे.

अशोक चौकातून चादरींचे गठ्ठे टेम्पोत भरून स्टेशनवर न्यायचेत. खालचे रस्ते आणि मिनिटं मी हिशोबासाठी धरली आहेत, टेम्पोवाल्यांनी मनावर घेऊ नये. अशोक चौक ते कन्ना चौक ४ मिनिटं. अशोक चौक ते सात रस्ता १३. कन्ना चौक ते मधला मारुती ५. कन्ना चौक ते पार्क चौक ९. मधला मारुती ते पार्क चौक ३. पार्क चौक ते स्टेशन ६. सात रस्ता ते स्टेशन ४.

वहीत दोन रकाने आखा, एक कच्चा, एक पक्का. सुरुवातीला पक्क्यात फक्त अशोक चौक, शून्य मिनिटं. तिथून थेट दिसणारी ठिकाणं कच्च्यात लिहा: कन्ना चौक ४, सात रस्ता १३.

आता नियम एकच. कच्च्यातला सर्वांत लहान आकडा पक्का करायचा आणि तिथे उभं राहून पुढे बघायचं.

कन्ना चौक ४, पक्का. तिथून मधला मारुती ४ आणि ५ मिळून ९, पार्क चौक ४ आणि ९ मिळून १३. दोन्ही कच्च्यात. आता सर्वांत लहान मधला मारुती, ९ पक्का. तिथून पार्क चौक ९ आणि ३ मिळून १२. आधी १३ लिहिलं होतं, ते खोडा आणि १२ करा. गल्लीबोळातला रस्ता सरळ रस्त्यापेक्षा एका मिनिटाने जवळ निघाला. पार्क चौक १२, पक्का. तिथून स्टेशन १८.

इथे निम्मा वर्ग हात वर करतो, "मॅडम, स्टेशन आलं, उत्तर अठरा!" नाही. स्टेशन अजून कच्च्यात आहे, आणि कच्च्यात त्याच्याहून लहान आकडा पडून आहे: सात रस्ता १३. आधी तो पक्का करा. तिथून स्टेशन १३ आणि ४ मिळून १७. अठरा खोडा, सतरा लिहा. आता कच्च्यात स्टेशनच उरलं, ते पक्कं. उत्तर १७, सात रस्त्यावरून.

हे बरोबर का? माझा तोंडी परीक्षेतला आवडता प्रश्न. कच्च्यातला सर्वांत लहान आकडा पुढे आणखी कमी होऊ शकत नाही, कारण तिथे पोचायची दुसरी कुठलीही वाट आधी कच्च्यातल्याच एखाद्या ठिकाणावरून जाणार, आणि ते ठिकाण तर आधीच तेवढं किंवा त्याहून लांब आहे. लांबच्या ठिकाणावरून वळसा घालून वाट कमी कशी होईल? होईल, पण एखाद्या रस्त्यावर उणे मिनिटं असली तरच, म्हणजे त्या रस्त्याने गेलं की घड्याळ मागे जातं. म्हणून उणे वजनाच्या (रस्त्यावर लिहिलेला आकडा म्हणजे वजन) ग्राफवर ही पद्धत चालत नाही. 'निगेटिव्ह वेटला चालत नाही' हे सगळे पाठ करतात. का, ते विचारलं की छताकडे बघतात.

फोनमधला नकाशा हेच वापरतो का?

जसंच्या तसं नाही. देशभराच्या रस्त्यांवर ही पद्धत चारी दिशांना पसरत जाते. सोलापूरहून पुण्याला निघालेला माणूस उगाच विजापूरच्या बाजूचे चौकही तपासत बसेल. १९६८ मध्ये हार्ट, निल्सन आणि राफाएल यांनी मुक्कामापर्यंत उरलेल्या अंतराचा अंदाज जोडून एक सुधारलेली पद्धत काढली, ए-स्टार. पुढे आधीच हिशोब करून ठेवण्याच्या युक्त्या आल्या. मूळ मात्र हेच. इंटरनेटवरचे राउटर, म्हणजे माहिती पुढे पाठवणारी यंत्रं, आपापसांत वाट ठरवतात त्यातल्या ओएसपीएफ या पद्धतीत तर डाइक्स्ट्राच चालतो.

१९५९ च्या त्या तीन पानांच्या लेखात दुसरा प्रश्न कोणता होता?

सगळे खांब जोडायला कमीत कमी तार किती लागेल, हा. एक्स-१ या कॉम्प्युटरच्या मागच्या पट्टीवर तांब्याची तार कमी लागावी म्हणून त्यांना तो पडला होता. ती पद्धत मात्र त्यांच्या आधी दोघांना सापडली होती: प्रिम यांना १९५७ मध्ये आणि यार्निक यांना १९३० मध्ये, म्हणजे डाइक्स्ट्रा जन्मले त्याच साली.

दाढीची गोष्ट काय आहे?

अल्गॉल ६० या प्रोग्रॅमिंगच्या भाषेचा कंपायलर (लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम) ते आणि याप झोनेव्हेल्ड मिळून लिहीत होते. काम होईपर्यंत दाढी करायची नाही असं दोघांनी ठरवलं. ऑगस्ट १९६० मध्ये कंपायलर चालला, त्या भाषेचा पहिलाच. झोनेव्हेल्डनी लगेच दाढी उतरवली, डाइक्स्ट्रांनी ठेवली ती कायमची.

सेमाफोर म्हणजे रेल्वेतलाच का?

हो, शब्द तिथूनच उचलला. रेल्वेत सेमाफोर म्हणजे हात वर-खाली होणारा सिग्नल, पण कल्पना टोकनवरून लवकर कळते. सोलापूर रेल्वेचं गाव, प्रत्येक बॅचला एकाचे तरी आजोबा गार्ड नाहीतर पॉइंट्समन निघतात, त्यामुळे हा धडा इथे शिकवायला सोपा. जुन्या काळी एकेरी मार्गावर ड्रायव्हरला स्टेशन मास्तर टोकन द्यायचा. दोन स्टेशनांच्या मधल्या तुकड्यासाठी एका वेळी एकच टोकन बाहेर निघायचं. टोकन हातात नाही तर गाडी पुढे नाही. पलीकडे पोचल्यावर ते परत द्यायचं, मग पुढच्या गाडीला मिळायचं.

कॉम्प्युटरमध्ये दोन प्रोग्रॅम एकाच वेळी एकाच जागेवर लिहायला गेले की तसाच अपघात होतो. तो टाळायला डाइक्स्ट्रांनी साठच्या दशकात सेमाफोर आणला आणि त्यावर दोन क्रिया ठेवल्या, पी आणि व्ही: पी म्हणजे टोकन मागणं, व्ही म्हणजे ते परत देणं. ही अक्षरं डच शब्दांवरून आलीत, म्हणून इंग्रजीत त्यांचा अर्थ शोधू नका. आइंडहोवनला प्राध्यापक असताना, १९६२ नंतर, त्यांनी मोजक्या सहकाऱ्यांसह 'टीएचई' ही ऑपरेटिंग सिस्टिम थरावर थर रचून उभी केली, तिच्यात हे सगळं वापरलं.

पाच तत्त्वज्ञांचा प्रश्नही त्यांचाच. गोल टेबलाभोवती पाच जण, दोघांमध्ये एक असे पाच काटे, आणि जेवायला प्रत्येकाला दोन काटे लागतात. सगळ्यांनी एकदम डावीकडचा काटा उचलला की पाचही उपाशी, कुणीच हातातला सोडत नाही. एकदा मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, कडक भाकरी आणि शेंगाचटणी ठेवा, काटेच लागणार नाहीत." त्याला मी पूर्ण मार्क दिले. ज्या वस्तूसाठी भांडण आहे तिची गरजच काढून टाकणं हाही एक उपाय असतो.

'गोटू'वर त्यांचा एवढा राग का?

'गोटू' म्हणजे प्रोग्रॅममध्ये कुठूनही कुठेही उडी. त्यांचं म्हणणं असं की कागदावरचा प्रोग्रॅम स्थिर असतो आणि त्याचं चालणं वेळेत घडतं. माणसाला स्थिर गोष्ट समजते, चालती समजायला जड जाते. तेव्हा कागदावरची ओळ आणि चालण्यातला क्षण यांचं नातं जेवढं सरळ, तेवढं बरं. उड्या मारल्या की ते तुटतं. मार्च १९६८ मध्ये हे पत्र छापून आलं. 'गोटू घातक' अशा अर्थाचं त्याचं ते गाजलेलं, जरा भडक शीर्षक त्यांचं नव्हतं, संपादक निक्लाउस विर्त यांनी ठेवलेलं. भांडणं मात्र डाइक्स्ट्रांच्या वाट्याला आली.

कॉम्प्युटरच न वापरणारा कॉम्प्युटर शास्त्रज्ञ? हे कसं?

कॉम्प्युटर बांधणाऱ्यांच्या खांद्याला खांदा लावून त्यांनी दहा वर्षं काढली होती, त्यामुळे यंत्राची भीती हे कारण नव्हे. पण पुढचं बहुतेक काम फाउंटन पेनने कागदावर. एकेका टिपणाला त्यांच्या नावाची तीन आद्याक्षरं, ईडब्ल्यूडी, आणि पुढे क्रमांक. असे क्रमांक तेराशेच्या वर गेले. लिहून झालं की झेरॉक्स काढून ओळखीच्यांना टपालाने पाठवायचे, ते पुढे आणखी कुणाला द्यायचे. एका पानावर ते मोजायला शून्यापासून सुरुवात का करावी हे समजावतात, दुसऱ्यावर कुणाच्या तरी पुस्तकाची सालटी काढतात. अक्षर इतकं सुबक की त्यावरून फॉन्ट तयार झाले. घरी टीव्ही नव्हता. नंतर टेक्सासात असताना ईमेल आणि इंटरनेट बघण्यापुरता एक मॅकिन्टॉश कॉम्प्युटर आला, तेवढाच.

'टेस्टिंगने काही सिद्ध होत नाही' असं ते खरंच म्हणाले होते?

त्यांचं वाक्य असं: टेस्टिंगने चूक आहे हे दाखवता येतं, चूक नाही हे कधीच दाखवता येत नाही. मला हे कॉलेजात नाही, घरी कळलं.

आमचे अप्पा यंत्रमागाच्या एका कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांची देखरेख करणारे, होते. सोलापुरी चादरीवरची नक्षी जकार्डवर निघते: पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं, पट्ट्या एकमेकींना ओवून लांब माळ. भोक असेल तिथे ताण्याचा (उभा) धागा उचलला जातो, नसेल तिथे नाही. एकदा मोराच्या नक्षीच्या एका पट्टीत एक भोक जास्त पडलं. नमुन्याची चादर विणली, मालकाने हातात घेऊन पाहिली, "चालू द्या" म्हणाले. मोराच्या मानेत एक धागा चुकीचा उचलला जात होता, तो सगळ्यांच्या नजरेतून सुटला. माल बांधायच्या वेळी कुणाला तरी दिसला तोवर सगळ्या चादरी सेकंडमध्ये, म्हणजे दुय्यम मालात, गेल्या होत्या. पैसे अप्पांच्या पगारातून कापले, भोक पाडणारा दुसराच असूनही. त्यानंतर अप्पा नवी माळ आली की मागावर चढवायच्या आधी अंगणात पसरायचे. डाव्या हातात ग्राफ पेपरवरची नक्षी, उजव्या हाताचं बोट भोकांवरून. मी ओळ वाचायची, ते मोजायचे. एक माळ संपायला अख्खी दुपार जायची.

डाइक्स्ट्रांना याच्याही पुढे जायचं होतं. आधी माळ आणि मग तपासणी असं नको, नक्षीतूनच माळ अशी काढत न्यावी की प्रत्येक भोक का पडलं हे तिथल्या तिथे सांगता यावं. प्रोग्रॅम आणि त्याची सिद्धता हातात हात घालून. मोठ्या सॉफ्टवेअरला हे पूर्णपणे जमत नाही, हा आक्षेप रास्त आहे, आणि तो त्यांच्या हयातीतच घेतला गेला.

स्वभावाने खडूस होते का?

होते, झाकण्यात अर्थ नाही. अ‍ॅलन के यांनी भर सभेत म्हटलं होतं की कॉम्प्युटर शास्त्रात गर्व नॅनो-डाइक्स्ट्रांत (नॅनो म्हणजे अब्जावा भाग) मोजतात. बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा आधी शिकलेली मुलं कायमची बिघडतात, असं डाइक्स्ट्रांनी १९७५ मध्ये लिहून ठेवलंय. मी स्वतः बेसिकवरच शिकले, तेव्हा ते चुकले असं माझं नम्र मत. दुसरी बाजूही आहे: टर्मच्या शेवटी ते एकेका विद्यार्थ्याची तोंडी परीक्षा स्वतः घ्यायचे, घाई न करता. ५० जणांच्या वर्गाला तसं करून बघा, मग कळतं.

पुरस्कार, शेवटची वर्षं?

१९७२ साली ट्युरिंग पुरस्कार, कॉम्प्युटर शास्त्रातला सर्वांत मानाचा. १९७३ पासून बरोज या कॉम्प्युटर कंपनीचे संशोधक, काम आइंडहोवनजवळच्या न्युनेन गावी, घरातल्या छोट्या खोलीतून. १९८४ ते १९९९ टेक्सास विद्यापीठात, ऑस्टिनला. नवरा-बायको फोक्सवॅगनच्या गाडीतून राष्ट्रीय उद्यानं हिंडायची, गाडीचं नाव 'टूरिंग मशीन', ट्युरिंग यांच्या कल्पनेतल्या 'ट्युरिंग मशीन' या यंत्रावरची कोटी. मग नेदरलँड्सला परतले, आणि ६ ऑगस्ट २००२ रोजी न्युनेनमध्ये कर्करोगाने गेले.

१९७४ च्या एका छोट्या लेखात त्यांनी विचारलं होतं: बरीच यंत्रं मिळून काम करत असताना काही बिघडलं, तर कुणी वरून न सांगता ती पुन्हा आपोआप ताळ्यावर कशी येतील? जवळजवळ दहा वर्षं कुणी ढुंकून पाहिलं नाही. १९८३ मध्ये कॉम्प्युटर शास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांनी भाषणात त्याचं कौतुक केलं आणि त्यातून संशोधनाची एक शाखाच निघाली. २००२ साली त्या लेखाला पुरस्कार मिळाला, पुढच्या वर्षीपासून तो पुरस्कारच त्यांच्या नावाने देतात.

त्यांची टिपणं वाचायला मिळतात का? सोलापुरात बसून?

फुकट. टेक्सास विद्यापीठाने हाताने लिहिलेली पानं स्कॅन करून इंटरनेटवर ठेवली आहेत. पुण्याला गेल्याशिवाय काही होत नाही असं म्हणणाऱ्यांना मी ती पानं उघडून देते. पहिल्यांदा शून्यापासून मोजण्यावरचं टिपण वाचा, क्रमांक ८३१. लहान आहे, आणि इंग्रजी कच्चं असलं तरी कळतं.

क्लासला येताना लॅपटॉप आणायचा का?

पहिले दोन आठवडे नको. शंभर पानी वही आणा, जमलं तर चौकटीची. अशोक चौक ते स्टेशनचं गणित त्यात स्वतः सोडवून आणायचं, मिनिटं बदलून. पेन आपापलं आणा. मागच्या बॅचला माझी तीन गेली.